एक अक्षर, एक ठोका

लिहिताना मी अडखळत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई भलतीच फाडफाड बोलणारी दिसते. फाडफाड बोलते ती मनात. तोंड उघडलं की क, प, म ही अक्षरं दारातच आडवी पडतात, आणि सगळ्यांत आधी पडतं ते माझ्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. मी तोतरी आहे. ‘जरासं अडखळते’, ‘लाजाळू आहे’, ‘मितभाषी आहे’ हे सगळे आईचे शब्द. मला तोतरी हाच शब्द बरा वाटतो. तो म्हणताना माणसाला निदान माझ्याकडे बघावं तरी लागतं.

माझी वाक्यं पुरी करायचं काम आईनं मी चार वर्षांची असल्यापासून अंगावर घेतलं होतं. वाण्याकडे, शाळेत, डॉक्टरांकडे, नातेवाइकांत. मी सुरुवात करायची आणि तिनं शेवट लावायचा. मायेनंच करायची, त्यात शंका नाही. पण शेवट तिचा असायचा. पुण्यात मला बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, “लग्नानंतर नोकरी करायची आहे का गं तुला?” मी म्हटलं, “क... क... क...” मला म्हणायचं होतं, करणार म्हणजे करणारच. तेवढ्यात आई हसून म्हणाली, “काही तसा हट्ट नाही हं तिचा.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तो बोलून दाखवायला जीभ लागते, आणि ती तेव्हा टाळ्याला चिकटून बसली होती. ते स्थळ पुढे पत्रिकेवरून फिसकटलं. मी फक्त पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

एका ठिकाणी मात्र मी लहानपणापासून कधीच अडखळले नाही, ते म्हणजे परवच्याला. संध्याकाळी आई पोळ्या लाटायला बसायची आणि मी ओट्याशी उभी राहून पाढे म्हणायचे. बे एके बे, बे दुणे चार. तिच्या बांगड्या पोळपाटावर वाजायच्या, त्या ठेक्यात मी एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत सुसाट जायचे. आई म्हणायची, “पाढ्यांना बरी चालते गं जीभ! म्हणजे बाकीच्या वेळी लक्ष नसतं तुझं.” शाळेतल्या बाईही हेच म्हणायच्या. मला स्वतःलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं, हा त्यातला सगळ्यांत वाईट भाग.

दोन हजारच्या दशकाच्या उत्तरार्धात मी डॉक्टरेट करायला जर्मनीत कायझर्सलाउटर्नला गेले. काम पोलादाचं. पोलादाची पट्टी यंत्रात अडकवायची, तिला पुन्हा पुन्हा ताण देत राहायचं आणि ती कितव्या झटक्याला, कुठे आणि कशी तडकते ते बघायचं. यंत्र तळघरात होतं. दिवसरात्र टक, टक, टक करत चालायचं. त्याला माझ्याकडून एका शब्दाचीही अपेक्षा नव्हती, म्हणून आमचं छान जमलं.

माणसांशी जमेना, आणि त्याला कारण झाला टेलिफोन. जर्मन माणूस फोन उचलला की हॅलो म्हणत नाही, आपलं आडनाव सांगतो. रोखठोक, एका दमात. आता माझं आडनाव माझ्या तोंडून एका दमात निघेल तर मग हवं काय! मी फोन उचलायचे, ओठ मिटून झगडत राहायचे, पलीकडचा दोनदा “हॅलो?” करायचा आणि आपटून ठेवायचा. महिन्याभरात ऑफिसात बोलवा झाली की त्या नव्या भारतीय बाई उद्धट आहेत, फोनवर नुसता श्वास सोडतात. मग मी फोन उचलणंच सोडलं. तो वाजत राहायचा आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी हात लांब करून घ्यायची.

ही मुलगी जपानी होती. काही वर्षांसाठी पाहुणी संशोधक म्हणून आलेली, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. आमचं दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे संभाषणात बरोबरी होती. तिची एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच आवडली. मी अडकले की ती वाट बघायची. मान तिरकी करून सहानुभूतीनं नाही हं, नुसती थांबायची. ती माझ्या तोंडातून शब्द ओढून काढत नसे आणि स्वतःचाही आत कोंबत नसे. मी तिला मनातल्या मनात शेजारीणच म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

एका दुपारी जेवणानंतर ती संगणकावर गाण्याचा व्हिडिओ बघत होती. इंटरनेट तेव्हा रखडत चालायचं, चित्र मधेच गोठायचं. तीन जपानी मुली, एकसारखे फ्रॉक, चेहरे कोरे. हात काटकोनात उठत होते आणि जिथे पोचायचे तिथे खाटकन थांबत होते. आवाज तर यंत्रातून गाळून काढलेला, त्यात ना चढ ना उतार, प्रत्येक अक्षराला सारखं माप. मला पहिल्यांदा वाटलं, इंटरनेटच अडकलंय. शेजारीण म्हणाली, “नाही, हे असंच आहे. जपानमध्ये आता सगळीकडे ह्याच मुली वाजतायत.”

समोरच्या टेबलावर आमचा एक जर्मन सहकारी बसायचा. उंच, दिलदार, वाढदिवसाला घरून केक भाजून आणणारा. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आल्झो, म्हणजे ह्या बाहुल्याच आहेत की! तुमच्याकडे कामावरही रोबोट आणि गाण्यातही रोबोट. भावना कुठे ठेवता तुम्ही लोक?”

शेजारणीनं व्हिडिओ थांबवला. ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. “यंत्रासारखं गायची सुरुवात सत्तरच्या दशकात तुमच्याच देशातल्या चार पुरुषांच्या बँडनं केली,” ती म्हणाली. “ते गायले तेव्हा ती कला होती. आमच्या मुली गायल्या की भावना नाहीत?”

तो लाल झाला. “गेनाऊ, गेनाऊ,” म्हणजे बरोबर, बरोबर, असं काहीतरी पुटपुटत कॉफी आणायला निघून गेला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाई गं, असं आपल्याला एकदा तरी बोलता आलं पाहिजे, हे मी त्या क्षणी ठरवलं.

मग तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. आई तोक्योतल्या एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची. टोपी, पांढरे हातमोजे. दार उघडताना हात ठरावीक उंचीवर, वाकणं ठरावीक, आणि “वर जात आहोत, खाली जात आहोत” हे दिवसभर एकाच बारीक, उंच सुरात. तो सूर तिला शिकवलेला होता, दुकानाच्या मालकीचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कोणी नाहीच. “माझी आई आत असायची,” शेजारीण म्हणाली. “आत बसून रात्रीला काय शिजवायचं ते ठरवायची. एखाद्या खडूस माणसाला मनात शिव्याही द्यायची. तो आवाज म्हणजे दार. दाराबाहेर दुकान आणि दाराआड आई. घरी आली की इतकी मोठ्यानं हसायची की शेजारी भिंत ठोकायचे.”

“आणि ह्या मुली?” मी विचारलं. हे विचारायला मला बराच वेळ लागला. ती थांबली होती.

“ह्यांनी ते दार नाचायला घेतलं,” ती म्हणाली. “आता ते दुकानाचं नाही, त्यांचं आहे.”

तिला तो नाच बसवायचा होता. एकटीनं जमेना, म्हणून तिनं मला तळघरात नेलं. यंत्राच्या बाजूला मोकळी जागा होती आणि ठेका आयता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी तिथे हात-पाय काटकोनात फिरवायचो. लोकांना वाटतं रोबोट होणं सोपं, काही करायचंच नाही ना! एकदा हात उचलून बघा आणि हेलकावा न देता जागच्या जागी थांबवून दाखवा. पहिल्या आठवड्यात माझे खांदे इतके दुखले की केस विंचरता येईनात. शेजारीण सारखी म्हणायची, “हलणं संपलं म्हणजे थांबणं नव्हे. थांबणं तू करायचं असतं.”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, “मोजणी तू कर. तुझ्या भाषेत.” मी एक, दोन, तीन, चार म्हणायला लागले. यंत्र टक टक करत होतं, हात थांबत होते. थोड्या वेळानं आकडे कंटाळवाणे झाले म्हणून मी आपसूक बे एके बे सुरू केलं. सातचा पाढा, तेराचा, एकोणीसचा. एक अक्षर, एक ठोका. तिला वाटलं मी गाणं म्हणतेय. ती खूश झाली. आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, एकोणीस दाहे एकशे नव्वद झाल्यावर मी न थांबता त्याच सपाट सुरात, त्याच ठोक्यावर म्हणाले, “मी-नो-क-री-क-र-णा-र-म्ह-ण-जे-क-र-णा-र-च.”

क आला आणि गेला. तीनदा आला, तीनदा गेला. पुण्यातल्या त्या बाईंना द्यायचं उत्तर पाच वर्षं उशिरा, एका पोलादी यंत्राला देऊन झालं. मी यंत्राशेजारीच जमिनीवर बसले. म्हणजे लक्ष नसतं म्हणून नव्हतं तर! लहानपणापासून माझ्यावर जो आळ होता, तो तिथे तळघरात बसल्या बसल्या उतरला. मला इतका राग आला की विचारू नका. ठोका मिळाला तर जीभ चालते, हे इतकी वर्षं ह्या पाढ्यांनी सांगितलं होतं आणि कोणीच ऐकलं नव्हतं, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. शेजारणीचा हात पुढे आला, तो मी अडवला. बोटानं टेबलावर ठोका धरला आणि आडनाव म्हणाले, सपाट, एकेक अक्षर. पलीकडून विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाईंचा आवाज आला, त्या आपल्या टेबलावर कुणाला तरी म्हणत होत्या, “मशीन लागलंय.” थोडा वेळ त्या टूँ वाजायची वाट बघत राहिल्या. टूँ काही वाजेना, तेव्हा त्यांनी निरोप ठेवायला सुरुवात केली, नाव, विभाग, कुठला फॉर्म राहिलाय ते सगळं व्यवस्थित. मी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याच सुरात म्हणाले, “नि-रो-प-मि-ळा-ला. मी-मा-णू-स-आ-हे. फॉ-र्म-उ-द्या-आ-ण-ते.” बाईंनी “उम् गॉट्टेस विलेन”, म्हणजे अरे देवा, म्हणून फोन ठेवला. शेजारीण टेबलावर डोकं ठेवून हसत होती, तिच्या आईसारखीच, मोठ्यानं. मीही हसले. उद्धट म्हणवून घेण्यापेक्षा मशीन म्हणवून घेणं मला परवडलं.

वर्षभर मी अशी बोलले. सगळीकडे नाही. बेकरीत आणि ट्रेनमध्ये, जिथे कोणाला घाई नसेल तिथे मी माझी तोतरीच असायचे. कामाला मात्र हा आवाज घालायचे, हातमोजे घालतात तसा. लोक दचकायचे, मग सवय व्हायची. आमचा तो केकवाला सहकारी तर माझ्याशी बोलताना नकळत तसंच बोलायला लागायचा आणि ओशाळायचा.

मग प्रबंध पूर्ण झाला आणि प्राध्यापकांनी बोलावलं. भले गृहस्थ, जाडजूड पांढऱ्या मिशा, माझ्या कामावर खरंच खूश. आता उरली होती ती तोंडी परीक्षा. जर्मनीत ती जाहीर असते. सगळ्यांसमोर व्याख्यान द्यायचं, मग समिती तास-दीड तास प्रश्न विचारते. विषय किती चांगला झालाय ते सांगून झाल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, “तुमच्यासाठी आम्ही एक सोय केली आहे. व्याख्यान तुमचे सहकारी वाचतील, तुम्ही शेजारी बसा. प्रश्नांची उत्तरं तुम्ही लिहून द्या. नियमात बसतं. कोणालाही वावगं वाटणार नाही.”

माझी वाक्यं पुरी करणारी एक आई मी मागे ठेवून आले होते, आणि इथे दुसरी उभी राहिली, मिशांची! मी सपाट आवाजात नाही म्हणाले. आभार मानले आणि म्हणाले, मी स्वतः बोलणार, आत्ता बोलतेय तशीच.

ते अवघडले. “हे पाहा, तो आवाज... ऑफिसात ठीक आहे. पण बाहेरचे परीक्षक येणार. लोक तुमच्या आवाजाकडे लक्ष देतील, कामाकडे नाही.”

“शे-जा-री-मु-की-ब-स-ले-त-र-क-शा-क-डे-दे-ती-ल?” मी विचारलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “बरं, तसं करा. पण सोयीचा कागद मी खिशात ठेवतो. तुम्ही अडकलात तर मी उठेन.” म्हणजे सगळ्या सभेसमोर उठून त्यांनी माझ्या तोंडचं काम दुसऱ्याला द्यायचं. ते उठले तर माझं संपलं, हे मला तिथेच कळलं. पदवी मिळाली असती, नाही असं नाही. पण ती मिळाली असती आईला मिळाल्यासारखी.

आई परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आली. बॅगेत मेतकूट, लाडू आणि एक नवीन स्थळ. पुण्याचीच मंडळी, मुलगा चांगला, आईनं फोटो आणला होता. “त्यांना तुझ्याशी फोनवर बोलायचंय,” ती म्हणाली, “मी सांगितलंय, मुलगी मितभाषी आहे. परीक्षा होऊ दे, मग लावू.” दुसऱ्या दिवशी मी खोलीत व्याख्यानाची तयारी करायला लागले. टेबलावर ठोका धरून सपाट सुरात बोलत होते. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

“अगं बाई! हे काय सोंग?”

सोंग नाही, मी म्हटलं, हीच पद्धत.

“लोक हसतील ना गं. इतकी शिकलीस आणि यंत्रासारखं बोलणार? त्यापेक्षा काल सांगितलंस ना, ते सर म्हणतायत ते ऐक. दुसऱ्यानं वाचलं तर बिघडलं कुठे? काम तुझंच आहे ना?”

“त... त... तेच...” मी म्हटलं.

“तेच तर मी म्हणते,” आई म्हणाली आणि पोळी करपेल म्हणून आत गेली. मला म्हणायचं होतं, तेच तू आयुष्यभर केलंस. मी दार लावून घेतलं आणि उरलेलं व्याख्यान भिंतीला दिलं.

परीक्षेच्या दिवशी आई पहिल्या रांगेत होती. रेशमी साडी, वर माझा करडा स्वेटर, पायात लोकरीचे मोजे. मागच्या बाकावर शेजारीण. समितीत चौघं, त्यात बाहेरून आलेले एक परीक्षक, टकलू आणि काटेकोर. मी उभी राहिले. टेबलाच्या कडेवर बोट टेकवलं आणि तळघरातलं यंत्र डोक्यात सुरू केलं.

पहिल्या दोन वाक्यांना मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी तिकडे बघितलं नाही. इंग्रजीत बोलत होते, पण ठोका परवच्याचाच. पट्टी, ताण, चीर, एकेक चित्र पडद्यावर येत होतं. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात टकलूंनी हात वर केला. “क्षमा करा,” ते म्हणाले, “पण तुम्ही कृपया साधं, नेहमीसारखं बोलाल का?”

आमचे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले, त्यांचा हात खिशाकडे गेला. मी टकलूंकडे बघून सपाट आवाजात म्हणाले, “हा माझा कामाचा आवाज आहे. माझ्याकडे दुसराही आहे. मी तोतरी आहे, त्यामुळे त्याला तिप्पट वेळ लागतो. तुमच्याकडे संध्याकाळपर्यंत वेळ असेल तर मी त्या आवाजात पहिल्यापासून सुरू करते.”

टकलूंनी घड्याळाकडे बघितलं, अगदी खरोखर. मग म्हणाले, “बिटे. चालू द्या.”

व्याख्यान पार पडलं. आता प्रश्न. चार-पाचांची उत्तरं मी धडाधड दिली. मग टकलूंनी एक प्रश्न टाकला, मी तयारी न केलेला. तिसऱ्या चाचणीतली चीर मधेच दिशा का बदलते? उत्तर मला येत होतं. पण विचार करता करता बोटाचा ठोका सुटला आणि उत्तराचा पहिलाच शब्द निघाला प नं सुरू होणारा. ओठ मिटले ते मिटलेच. पाच सेकंद. दहा. कपाळावर घाम. टकलू खाली बघायला लागले. आई पुढे झुकली, तिचे ओठ हलायला लागले, पण इंग्रजीत माझं वाक्य पुरं करायची सोय तिच्याकडे नव्हती. आणि प्राध्यापक उठले. खिशातून कागद निघाला.

मी हात उचलला. खांद्यातून, काटकोनात, तळवा त्यांच्याकडे, आणि खाटकन थांबवला. जराही हेलकावा नाही. एक वर्ष खांदे दुखवून घेतले होते, ते ह्या हातासाठी. प्राध्यापक जिथे होते तिथे, अर्धे उभे, थांबले. मग हळूच बसले. हात तसाच ठेवून मी माझ्या त्या अक्षराशी झगडले, सगळ्यांच्या देखत, ठोक्याशिवाय, ओठ वेडेवाकडे करत. “प... प... प...” कितीदा ते मोजलं नाही. शब्द आला. त्याच्यामागून उत्तर आलं, अडखळत, ठेचा खात, पण अख्खं. टकलूंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग मी हात खाली घेतला.

सगळं संपल्यावर खोलीभर बाकं बडवली गेली. जर्मन विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबल ठोकतात. आईला हे सांगायचं राहिलंच होतं. ती ताडकन उठली आणि परीक्षकांकडे वळून शुद्ध मराठीत कडाडली, “काय झालं? का आपटताय? पोरीनं एवढं घसा फोडून सांगितलं आणि वर बाकं बडवता?” टकलूंना वाटलं, बाई आभार मानतायत. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि आणखी जोरात ठोकलं. शेजारणीनं धावत येऊन आईला धरलं आणि खुणांनी समजावलं की हे कौतुक आहे. “मग हातांना काय झालंय ह्यांच्या?” आई म्हणाली आणि बसून डोळे पुसायला लागली.

इथे पास झाल्यावर सहकारी आपल्या डोक्यावर हातानं बनवलेली टोपी घालतात. माझ्या पुठ्ठ्याच्या टोपीवर एक तडकलेली पोलादी पट्टी होती, खेळण्यातला टेलिफोन होता आणि काटकोनात हात उचललेली एक बाहुली. बाहुली केकवाल्या सहकाऱ्यानं स्वतः शिवली होती. मला देताना तो म्हणाला, “मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो.” मी म्हटलं, ह... ह... हो. आम्ही दोघंही हसलो.

दुपारी खोलीवर आलो. आईनं माझी दृष्ट काढली, लाडू भरवला आणि म्हणाली, “पाढ्यांसारखं बोललीस गं. अगदी परवच्याला म्हणायचीस तस्सं.” तिला कळलं होतं. मला बरं वाटलं. पण तेवढ्यात तिचे डोळे चमकले. “अगं, मग झालंच की काम! तिकडे आता संध्याकाळचे सात वाजले असतील. लावते त्या मंडळींना फोन. ह्याच आवाजात बोल, फक्त जरा हळू, जरा गोड. त्यांना कळणारसुद्धा नाही.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं फोनचं कार्ड खरवडून आकडेही दाबायला घेतले होते. भोळी गं माझी आई. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी एक औषध सापडलं. मला मात्र शेजारणीच्या आईचे ते हातमोजे आठवले. ते हातमोजे घालून तिनं लिफ्ट चालवली, पण ते घालून लग्न नाही केलं. ज्यांच्या घरात जायचं त्यांना दाराबाहेर उभं करून मी आत काय बसणार?

“दे फोन,” मी म्हटलं. हे दोन शब्द सरळ आले. “प... प... पण मी माझ्या आ... आवाजात बोलणार.”

“अगं पण...”

“आई. आणि तू म... म... म...”

तिचे ओठ उघडले. ‘म’वरून सुरू होणारे शंभर शब्द तिच्याकडे तयार असणार. मदत करू. मध्ये सांभाळून घेऊ. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी हात उचलला नाही. नुसती बघत राहिले. तिनं पदर तोंडात धरला.

“मध्ये बोलायचं नाही,” मी म्हटलं.

फोन लागला. पलीकडून एका बाईंचा आवाज, मागे बातम्या चाललेल्या. “हॅलो, कोण बोलतंय?”

जर्मनीत राहून मला सवय लागली होती, आधी नाव. मी सुरुवात केली. पहिलं अक्षर आडवं पडलं. “हॅलो? आवाज येतोय का?” बाईंनी विचारलं. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. बोट टेबलाकडे जात होतं, ते मी मुठीत घेतलं. “हॅलो?” आई समोर बसली होती, दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून, डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझं नाव तिला येत होतं. तिनंच ठेवलेलं.

मी वेळ घेतला. लागला तेवढा घेतला. नाव झालं, मग आडनाव झालं, सगळं पूर्ण, आणि त्यातलं एकही अक्षर आईचं नव्हतं.